साखार : हिब्रू बायबलमधला मजुरीचा शब्द पायरी-पायरीने

योना देवापासून पळायला निघाला, तेव्हा याफोच्या बंदरात त्याला तार्शीशला जाणारं जहाज मिळालं. त्याने ‘भाडं’ दिलं आणि तो चढला. फारोच्या मुलीने नदीकाठी सापडलेलं बाळ त्याच्याच आईच्या हाती दिलं आणि म्हणाली, याला माझ्यासाठी दूध पाज, मी तुला ‘वेतन’ देईन. देव अब्रामाला म्हणाला, भिऊ नको, तुझं ‘प्रतिफळ’ फार मोठं आहे. मराठीत वाचताना या तीन ओळींचा एकमेकींशी संबंध आहे असं मनातही येत नाही. हिब्रूत मात्र तिन्ही ठिकाणी एकच शब्द आहे : साखार.

हा लेख हिब्रूचं एकही अक्षर न येणाऱ्यांसाठी आहे. मराठी बायबल, एक वही, पेन्सिल आणि शब्दांना क्रमांक दिलेला एखादा शब्दकोश एवढं जवळ असलं की पुरे. पायऱ्यांचा क्रम मात्र सोडू नका, त्यामागे कारण आहे. बहुतेक जण हा शब्द ‘प्रतिफळ’ या टोकाकडून, म्हणजे स्वर्गाकडून शिकायला घेतात. मग तो गुळगुळीत होतो, त्याचा घाम वाळून जातो. तो बंदरावर, शेतात आणि कळपात शिकायचा आणि तिथली माती पायाला तशीच ठेवून वर न्यायचा.

पहिली पायरी : तीन अक्षरं हाताने काढा

शब्दाचं मूळ तीन व्यंजनांचं आहे : सीन, काफ, रेश. लिहायचं उजवीकडून डावीकडे. सीन म्हणजे वर तोंड केलेली तीन दातांची फणी. काफ म्हणजे डावीकडे तोंड उघडलेली वाटी. रेश म्हणजे वरची आडवी रेघ उजव्या टोकाला वळून खाली उतरलेली. पानभर काढा, हात बसेपर्यंत.

आता फणीकडे नीट बघा. तिच्या डाव्या दातावर टिंब असेल तर उच्चार ‘स’, उजव्या दातावर असेल तर ‘श’. जुन्या हस्तलिखितांत ही टिंबं नव्हतीच. इसवी सनाच्या साधारण सातव्या ते दहाव्या शतकात मसोरेती पंडितांनी, म्हणजे हिब्रू बायबलचा पाठ जपणाऱ्या यहुदी विद्वानांनी, विशेषतः गालील सरोवराकाठच्या तिबिर्‍या शहरातल्या, स्वरचिन्हांसह ती पक्की केली. टिंब उजवीकडे सरकलं की शब्द ‘शेखार’ होतो, म्हणजे नशा आणणारं पेय. मजुरी आणि दारू यांच्यात एका टिंबाचं अंतर आहे.

हा धोका नुसता नवशिक्यांचा नाही. यशया १९:१० मध्ये मिसरातली नदी आटल्यावर हळहळणारे लोक आहेत, ‘ओसे सेखेर’, म्हणजे मजुरीवर काम करणारे. ख्रिस्तपूर्व काळात हा ग्रंथ ग्रीकमध्ये नेणाऱ्यांसमोर टिंबं नव्हती. त्यांनी तिथे ‘जवाची दारू गाळणारे’ असं भाषांतर केलं. नदीच आटली तर दारू गाळणाराही हळहळणारच, म्हणून वाक्य जुळूनही गेलं. तेव्हा प्रत्येक वेळी आधी टिंब बघा, मग अर्थाकडे वळा.

उच्चाराचं थोडक्यात : मधला काफ इथे ‘ख’ होतो, पण आपल्या ‘खण’मधला नाही, उर्दू ‘ख़बर’मधला, घशातून घासत येणारा. नाम ‘साखार’. क्रियापद ‘साखर’, म्हणजे ‘त्याने मोलाने ठेवलं’. हे आपल्या साखरेसारखं ऐकू येतं. नातं काही नाही, आपली साखर ‘शर्करा’वरून आली, पण लक्षात ठेवायला हा योगायोग कामाचा आहे. शब्दाला शेपूट लागलं की पहिला स्वर आखडतो : सेखारी म्हणजे माझी मजुरी, सेखारो म्हणजे त्याची, सेखारेख म्हणजे (बाई) तुझी. मोशेच्या आईला राजकन्या म्हणते तो शब्द हा शेवटचा.

दुसरी पायरी : गोतावळा ओळखा

वहीत चार शब्द एकाखाली एक लिहा. साखर, मोलाने घेणं. साखार, त्याचा मोबदला. साखीर, मोलाने लावलेला माणूस. मस्कोरेत, ठरलेला पगार. पाचवा ‘सेखेर’ फारच क्वचित येतो, तो वर यशयात भेटलाच.

‘साखीर’ची घडण जरा थांबून बघण्यासारखी आहे. याच साच्यात ‘माशीआख’ बसतो, म्हणजे ज्याला तेल लावून अभिषेक केला तो. आणि ‘आसीर’ बसतो, म्हणजे ज्याला बांधलं तो, कैदी. ज्याच्यावर काहीतरी केलं गेलं आहे त्याचा हा साचा. म्हणजे साखीर हा काम करणारा म्हणून ओळखला जात नाही. कुणीतरी त्याला लावून घेतलं आहे, म्हणून तो साखीर. नाक्यावर सकाळी उभा राहिलेला माणूस कुणी बोट दाखवेपर्यंत साखीर होत नाही.

मराठीत आपण वस्तूला भाडं देतो, माणसाला मजुरी, कारकुनाला पगार, वक्त्याला मानधन, गवयाला बिदागी. आपल्याकडे प्रत्येक नात्याला वेगळा शब्द आहे आणि त्याचा मला अभिमानच वाटतो. पण म्हणूनच मराठी भाषांतरात साखार चार तुकड्यांत वाटला जातो. भाषांतरकारांची ही चूक नव्हे, ‘जहाजाची मजुरी’ कुणी लिहिणार नाही. तुकडे परत जोडायचं काम वाचकाचं आहे.

तिसरी पायरी : बाजारापासून सुरुवात करा

योना १:३ उघडा. हिब्रूत ‘वय्यित्तेन सेखारा’ आहे. शेवटचा ‘आ’ म्हणजे ‘तिचं’, आणि हिब्रूत जहाज स्त्रीलिंगी. ‘त्याने तिचं भाडं दिलं.’ आपलं तिकीट काढलं असं म्हटलेलं नाही. या एका शेपटावरून तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या (रब्बींच्या) चर्चांच्या ग्रंथात, रब्बी योहानान म्हणतात की योनाने अख्ख्या जहाजाचं भाडं भरलं. अर्थ तेवढा ताणायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण एवढं बारीक वाचलं पाहिजे.

मग निर्गम २२:१४-१५. शेजाऱ्याचं जनावर मागून आणलं आणि मालक जवळ नसताना ते मेलं, तर भरपाई द्यायची. पण ते भाड्याचं असेल, तर नुकसान ‘त्याच्या सेखारोत आलं’, म्हणजे भाड्यात जोखीम धरलेली होती. साखार म्हणजे दिल्या-घेतल्याचा ठरलेला हिशोब, ही गाठ इथे पक्की बसते.

आता उत्पत्ति ३०. इथे वेळ घालवा, कारण या शब्दाचं खरं घर हे आहे. लेआ आणि राहेल या बहिणी, दोघी याकोबाच्या बायका. गहू कापणीच्या दिवसांत लेआच्या मुलाला, रऊबेनला, शेतात पुत्रदात्रीची फळं सापडली; ती खाल्ली की मूल होतं अशी समजूत होती. ती राहेलला हवी होती. त्या फळांच्या बदल्यात राहेलने याकोबाची ती रात्र लेआला दिली. संध्याकाळी याकोब शेतावरून परतताना लेआ त्याला सामोरी गेली आणि म्हणाली, ‘साखोर सेखार्तीखा’. एकच क्रियापद दोनदा. हिब्रूत जोर द्यायचा तर असं करतात, जसं आपण ‘देऊन दिलं’, ‘सांगून सांगितलं’ म्हणतो. ‘माझ्या मुलाची फळं देऊन तुला मोलाने घेतलंय मी, घेतलंच आहे.’ स्वतःच्या नवऱ्याला हे म्हणावं लागणाऱ्या बाईचा आवाज त्या दुहेरी क्रियापदात आहे. मराठी भाषांतरात वाक्य बरोबर येतं, पण तो ठोका हरवतो.

दोनच ओळींनी तिला मुलगा होतो. ‘देवाने मला सेखारी दिला’, माझी मजुरी दिली, असं म्हणून ती त्याचं नाव इस्साखार ठेवते. नावातच साखार आहे. पुढे उत्पत्ति ४९:१५ मध्ये याकोब मरताना याच मुलाच्या वंशाबद्दल सांगतो की त्याने ओझ्याला खांदा दिला आणि तो वेठीला राबणारा झाला. ज्याच्या नावात मजुरी, त्याच्या वाट्याला बिनमजुरीचं काम. एकोणीस अध्याय पुढे ही ओळ येते, म्हणून नुसतं चाळणाऱ्याला ती सापडत नाही.

याच घराण्यात लाबान आहे, लेआ आणि राहेलचा बाप, याकोबाचा मामा. २९:१५ मध्ये तो भाच्याला गोड आवाजात विचारतो, तू माझा नातलग, म्हणून फुकट राबायचं का? सांग, तुझा मस्कोरेत काय? आणि ३१:४१ मध्ये याकोब त्याला सगळा हिशोब ऐकवतो : वीस वर्षं, चौदा तुझ्या दोन मुलींसाठी, सहा कळपासाठी, आणि तू माझा मस्कोरेत दहादा बदललास. मजुरी ठरवतानाचा गोडवा आणि चुकवतानाचा कावा, दोन्ही याच शब्दाभोवती आहेत.

चौथी पायरी : साखीरजवळ बसा

अनुवाद २४:१५ शब्दशः वाचूया. माझ्या मते संपूर्ण अभ्यासाचं काळीज हे वचन आहे.

‘बेयोमो तित्तेन सेखारो’ : त्याच्या दिवशीच त्याची मजुरी दे. ‘बेयोमो’मधला ‘ओ’ आणि ‘सेखारो’मधला ‘ओ’ एकच, म्हणजे ‘त्याचा’. दिवसही त्याचा, मजुरीही त्याची. ‘वेलो तावो आलाव हश्शेमेश’ : त्यावर सूर्य मावळू नये. ‘की आनी हू’ : कारण तो गरीब आहे. आणि मग ‘वेएलाव हू नोसे एत नफ्शो’ : तिच्याकडे तो आपला नेफेश उचलून धरतो. नेफेश म्हणजे जीव, श्वास, कधीकधी चक्क गळा. मराठीत सांगायचं तर त्याचा जीव त्या मजुरीवर टांगलेला आहे.

तालमूदमधले रब्बी या ‘उचलण्या’वर थांबले. बाबा मेत्सिया या भागात ते विचारतात : हा माणूस उंच चढला कशाला, झाडाला लोंबकळला कशाला, मरणाच्या तोंडात गेला कशाला? मजुरीसाठीच ना? आमच्या वाचनगटात हे वचन वाचलं तेव्हा उमेदीत गवंड्याच्या हाताखाली काम केलेले एक काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘परांचीवर माणूस जीवच उचलत असतो. शनिवारी मुकादम नाही आला, की घरी जायला पाय उचलत नाही.’ त्यानंतर हे वचन समजावून सांगायची मला गरज पडली नाही.

याला जोडून लेवीय १९:१३ वाचा. तिथे क्रियापद आहे ‘तालीन’, रात्रीच्या मुक्कामाचं. आजच्या हिब्रूतला हॉटेलसाठीचा ‘मालोन’ याच धातूचा. मजुराची कमाई तुझ्या घरी सकाळपर्यंत मुक्कामाला राहू नये, असं ते शब्दशः आहे. जणू मजुरी ही दुसऱ्याच्या घरची पोर आहे, तिला रात्री परतायला हवं.

तुमच्या लक्षात आलं असेल की एका जागी मुदत सूर्यास्ताची आहे, दुसऱ्या जागी सकाळची. मिश्नात, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या जुन्या नियमसंग्रहात, याचा निवाडा आहे : दिवसा राबलेल्याने रात्रभरात मजुरी घ्यायची, रात्री राबलेल्याने दिवसभरात. दोन वचनं, दोन पाळ्या.

याच पायरीवर ईयोब ७:१-२ वाचायला विसरू नका. माणसाचे दिवस साखीरच्या दिवसांसारखे. दास सावलीसाठी आसुसतो, तसा साखीर मोबदल्याची वाट बघतो. आणि निर्गम १२:४५ : वल्हांडणाचं जेवण साखीरने खायचं नाही. त्याच्याच आधीच्या वचनात सुंता झालेला विकत घेतलेला दास मात्र खाऊ शकतो. दास घरचा, मजूर उपरा. ही गोष्ट आपल्याला टोचते, आणि टोचू द्यावी. साखीर मोकळा असतो, पण त्याला छप्पर नसतं. कायदा त्याच्या बाजूने एवढा ठाम उभा का, ते इथे कळतं.

पाचवी पायरी : विकत घेतलेली जीभ

ही पायरी लवकर चढू. साखर हे क्रियापद वाईट कामासाठीही तेवढंच सहज येतं. इस्राएलला शाप द्यायला बलामाला मोलाने आणलं (अनुवाद २३:४). अबीमलेखाने सत्तर रुपयांत टवाळखोर माणसं जमवली (शास्ते ९:४); इथे रुपये म्हणजे चांदीची नाणी नव्हेत, वजनाची चांदी. मीखाच्या घरचा लेवी सरळ सांगतो, त्याने मला मोलाने ठेवलं आणि मी त्याचा याजक झालो (शास्ते १८:४). नहेम्याला घाबरवण्यासाठी तोबीया आणि सनबल्लट यांनी एका संदेष्ट्यालाच विकत घेतलं (नहेम्या ६:१२-१३). एज्रा ४:५ मध्ये मंदिराचं काम अडवायला लावलेले मंत्री आहेत. तिथे शब्द सीनऐवजी सामेख या दुसऱ्या ‘स’ने लिहिला आहे, उच्चार तोच. शोधताना हे वचन निसटतं, म्हणून वहीत टिपून ठेवा.

पण मंदिराच्या दुरुस्तीसाठी पाथरवट आणि सुतार लावले (२ इतिहास २४:१२), तेही याच क्रियापदाने. शब्दाला स्वतःची नीती नाही. कोण कुणाला कशासाठी लावतंय, त्यावर सगळं आहे.

सहावी पायरी : आता देवाकडे

पायाला माती लागलेली असतानाच उत्पत्ति १५:१ वाचा. त्याआधी चौदावा अध्याय वाचायलाच हवा. अब्राम लढाई जिंकून आला आहे. सदोमचा राजा म्हणतो, लूट तू घे. अब्राम म्हणतो, सुताचा धागा किंवा वहाणेचा बंदही नको. अब्रामाला मी श्रीमंत केलं असं तू म्हणायला नको. ‘या गोष्टींनंतर’ देव बोलतो : भिऊ नको, मी तुझी ढाल, तुझा साखार फार मोठा. ज्याने लढून मोबदला नाकारला, त्याच्याशी देव मोबदल्याच्या भाषेत बोलतो. ‘प्रतिफळ’ या शब्दातून हे दिसत नाही, कारण त्याला रणांगणाचा वास नाही.

सैनिकांचा साखार म्हणजे काय ते यहेज्केल २९:१८-२० दाखवतं. बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर याने आपल्या सैन्याला सोर नगराविरुद्ध एवढं राबवलं की प्रत्येक डोकं टक्कल पडलेलं आणि प्रत्येक खांदा सोललेला. तरी सोरकडून ना त्याला साखार मिळाला ना सैन्याला. म्हणून देव त्यांना मिसर देश देतो, साखार म्हणून. परक्या, मूर्तिपूजक सैन्याचे सोललेले खांदेही देवाच्या हिशोबात धरले आहेत. मला हे वचन प्रत्येक वेळी थांबवतं.

यिर्मया ३१:१६ मध्ये मुलांसाठी रडणाऱ्या राहेलला सांगितलं आहे : रडणं आवर, तुझ्या कामाला साखार आहे. राहेल, जिने एकदा फळांसाठी साखारचा सौदा केला होता. स्तोत्र १२७:३ मध्ये पोटचं फळ हाच साखार. म्हणजे शब्द पुन्हा लेआच्या अंगणात येतो.

इथे एक सावधगिरी. साखार आला की लगेच ‘पुण्य’ किंवा ‘कर्मफळ’ असा अर्थ लावू नका. आपल्या कानाला ते सवयीचं आहे, पण कर्माचं फळ आपोआप पिकतं. साखार कुणीतरी हाताने द्यावा लागतो. देणारा असतो आणि तो चुकवूही शकतो. म्हणून तर मलाखी ३:५ मध्ये मजुराची मजुरी दाबणाऱ्यांविरुद्ध देव स्वतः साक्षीदार म्हणून उभा राहतो.

सातवी पायरी : शोधायचं कसं

स्ट्राँगच्या क्रमांकांचा कोश वापरत असाल तर हे लिहून घ्या : क्रियापद ७९३६, साखार ७९३९, साखीर ७९१६, मस्कोरेत ४९०९, सेखेर ७९३८. मध्ये येणारा ७९३७ आणि पुढचा ७९४१ हे नशेचे, ते आपले नव्हेत. हिब्रू प्रतीत काही वचनांचे आकडे एकाने पुढे-मागे असतात. मराठीतलं निर्गम २२:१५ तिथे २२:१४ आहे, आणि अनुवाद २३:४ तिथे २३:५.

दिसायला जवळचे पण वेगळे शब्द बाजूला काढा. ‘एतनान’ ही वेश्येची कमाई. ‘मेखीर’ म्हणजे किंमत. ‘शोखद’ म्हणजे लाच. मीखा ३:११ मध्ये पुढारी शोखद घेऊन न्याय करतात, याजक मेखीर घेऊन शिकवतात, संदेष्टे चांदी घेऊन शकुन सांगतात. संदेष्ट्याने तिथे साखार हा शब्द एकदाही वापरलेला नाही.

मराठीत तुलना करायची तर पंडिता रमाबाईंचं भाषांतर मिळवा. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांतून मराठी केलं, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण स्वरूपात निघालं. नेहमीच्या बायबलशेजारी ते ठेवून साखारची वचनं ताडून बघा, कुठे कोणता मराठी शब्द येतो ते. आणि कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांपैकी कुणी ओळखीचं असेल तर त्यांना विचारा : तिथे आजही पगाराला मस्कोरेत म्हणतात, घरभाड्याला सेखार दिरा, आणि भाडेकरूला सोखेर.

शेवटचा पाठ तुम्ही करायचा. मस्कोरेत हा शब्द संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये फक्त चार वेळा येतो. तीन वेळा याकोब आणि लाबान यांच्यात : उत्पत्ति २९:१५, ३१:७, ३१:४१. चौथा रूथ २:१२ मध्ये. परदेशातून आलेली विधवा शेतात सकाळपासून सरवा वेचते आहे. तिला कुणी मजुरीने लावलेलं नाही, ती साखीरही नाही. बवाज तिला म्हणतो, परमेश्वर तुझ्या कामाची भरपाई करो, तुझा मस्कोरेत ‘शेलेमा’ असो, पुरता असो. लाबानाने दहादा बदललेला तो शब्द. आता रूथचा चौथा अध्याय उघडा, अकराव्या वचनावर या, आणि वेशीतले लोक या नव्या सुनेला कोणत्या दोघींसारखी हो म्हणून आशीर्वाद देतात ते वाचा.